मारुतीशेजारची ढाल
पेटीचा भाता उघडला की जुन्या कापराचा वास येतो आणि वडगावातलं आमचं मारुतीचं देऊळ आठवतं. तरणा मुलगा अपघातात गेल्यापासून शेजारची आक्का वर्षभर कुणाशी बोलली नव्हती. मागावर मान खाली घालून बसायची. तिचा आवाज फुटला तो आमच्या भजनात, बेसूर, पण देवाला जाब विचारावा तसा. पेटी मीच वाजवायचो. चिकोडीच्या भजन स्पर्धेला निघताना मी तिला म्हणालो, "आक्का, आज नुसतं टाळ वाजीव, गाऊ नगं." "बरं रं," ती म्हणाली. ढाल आम्हालाच मिळाली. त्यानंतरही ती देवळात येत राहिली, टाळ वाजवत राहिली. तोंड मात्र पुन्हा उघडलं नाही, आणि "आक्का, म्हण की," असं मीही कधी म्हणालो नाही. ती ढाल मारुतीशेजारीच टांगलीय. हात जोडायला गेलो की आधी ढालच दिसते.