शुक्रवारपर्यंत स्कोअर सांगू नकोस

मी नागपूर सोडलं तेव्हा माझी धाकटी बहीण उज्ज्वला घरी नव्हती. ती राज्याच्या बास्केटबॉल संघाच्या निवड शिबिराला गेली होती, आणि मला मस्कतला नोकरी लागल्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. "तिले आत्ता नको सांगू, खेळ बिघडंल तिचा," असं बाबा म्हणाले होते. मला ते सोयीचंच पडलं. तिच्या तोंडावर 'जातेय' म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. विमानतळावर आईनं बॅगेत जवसाची चटणी कोंबली, बाबांनी पासपोर्ट तीनदा तपासला आणि मी काचेपलीकडे गेले. उज्जू चार दिवसांनी परतली तेव्हा आमच्या खोलीतली माझी खाट रिकामी होती. तिची निवड झाली होती आणि ही बातमी ती सगळ्यांत आधी मला सांगणार होती. हे मला आईकडून कळलं, तेही फार उशिरा.

आम्ही दोघी वस्तीतल्या सिमेंटच्या मैदानावर खेळायचो. एकच रिंग, तिलाही जाळी नाही, त्यामुळे चेंडू आतून गेला की बाहेरून यावर रोज भांडण. मी उंच म्हणून रिंगखाली उभी, ती चपळ म्हणून चेंडू घेऊन पुढे. खेळ खरा तिचाच होता, मी नुसती उंच होते. या खेळाचा बाईला पगार मिळू शकतो हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं. पुढे आईचं दुखणं निघालं, उज्जू खेळ सोडून घरी थांबली आणि शाळेत पीटीची टीचर झाली. मी इकडून औषधं कुठली चालू आहेत ते विचारत राहिले.

आता मी मस्कतच्या अल् खुवैर भागात एका कंपनीत इमारतींच्या एसीची ड्रॉइंग्ज करते. कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही गाडी काढते. पायी दिसले तर ओळखीचं कुणीतरी थांबून 'सब ठीक है ना?' विचारतं. शुक्रवारी सुट्टी, सकाळी कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये बुद्धवंदना असते. आमची पोरं त्रिशरण खणखणीत म्हणतात आणि लगेच इंग्रजीत भांडायला लागतात. माझी सान्वीही त्यातलीच. जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना वेगळं सांगायला नको, इथे काही कमी नाही. फक्त मैदानाच्या पलीकडून कुणी "ताई, बॉल!" म्हणून ओरडत नाही. मला त्या ओरडण्याची आठवण येते. सतरा वर्षं झाली, अजून येते.

म्हणून अमेरिकेतल्या बायकांच्या बास्केटबॉल लीगचे सामने मोबाइलवर दिसायला लागले तेव्हा मला कोण आनंद झाला! ऑक्टोबर आला की अंतिम मालिका. सामना आमच्याकडे पहाटे चारला, नागपूरला साडेपाचला. तेव्हा उज्जूच्या नळाला पाणी येतं आणि डबे व्हायचे असतात. मग आम्ही एक रीत पाडली. सामना झाला तरी दोघींनी स्कोअर बघायचा नाही. संध्याकाळी दोघींना वेळ मिळाला की फोन लावायचा, एक-दोन-तीन म्हणायचं आणि एकदमच रेकॉर्डिंग सुरू करायचं. तिकडे तिचा कुकर, इकडे माझी पोळी. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत दोघी शुद्ध नागपुरीवर यायचो. सान्वी म्हणायची, "ममा, तू मावशीशी बोलताना वेगळीच लेडी होतेस."

दोन वर्षांपूर्वी मालिका दोन-दोन अशी आली आणि सगळं पाचव्या सामन्यावर ठरणार होतं. नेमकी तेव्हाच उज्जूकडे माणसांची रीघ होती. दीक्षाभूमीला आलेले गावाकडचे पाहुणे दसरा उलटला तरी हलले नव्हते. ती म्हणाली, "शुक्रवारी पाहू. तोवर स्कोअर पाहिला तं याद राख!" मी हो म्हटलं. मंगळवारी सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीचा एसी चालू ठेवून, मी अख्खा सामना बघून टाकला. कशासाठी? काही नाही, राहवलं नाही. वर साइटवर पोचायला उशीर झाला म्हणून साहेबाचं "यल्ला, यल्ला", म्हणजे आटप लवकर, ऐकून घेतलं.

शुक्रवारी साळसूदपणे एक-दोन-तीन म्हटलं. छान नाटक केलं मी, शेवटच्या मिनिटापर्यंत. मग एक खेळाडू फ्री थ्रोला उभी राहिली आणि चेंडू तिच्या हातात असतानाच माझ्या तोंडून "अरेरे" निघून गेलं.

चेंडू रिंगवर आपटून बाहेर पडला.

"तू पाहून घेतलं ना ताई?"

मी काहीतरी पुटपुटले.

"सांगून पाहिलं असतं तं मी काय नाही म्हटलं असतं? मागंही तू अशीच गेली. सगळं झाल्यावर मले कळलं."

सतरा वर्षांत तिनं हे एकदाच बोलून दाखवलं. मग म्हणाली, "आता नको पाहू आपण संगं," आणि फोन ठेवला. नंतर आम्ही रोज बोललो, आईच्या गुडघ्यांबद्दल, सान्वीच्या परीक्षेबद्दल. खेळाचा विषय तेवढा निघाला नाही. मी एकटीनं सामने लावून बघितले, पण रिकाम्या खोलीत 'बाहेरून गेला, बाहेरून!' म्हणून भांडणार कुणाशी?

मागच्या वर्षी पुन्हा अंतिम मालिका आली. आता ती सात सामन्यांची केली आहे. मी धीर करून मेसेज टाकला, 'बघायची का?' दिवसभर उत्तर नाही. रात्री आलं, 'पहिला सामना आधी मी पाहीन. तू शुक्रवारपर्यंत थांबशील.'

बरोबरच होतं. मी अॅप काढून टाकलं, बातम्या बंद केल्या. सान्वी म्हणाली, "ममा, जस्ट गूगल कर ना, हू विल नो?" मी तिच्यावर उगाचच डाफरले. तिकडे उज्जूला सगळं माहीत आहे आणि मला काहीच नाही, हा विचार दिवसातून दहादा यायचा. चार दिवसांत माझी ही गत. तिनं किती वर्षं माझ्या बातम्या अशा मागाहून ऐकल्या असतील!

शुक्रवारी दुपारी चारला तिनं फोन लावला. एक-दोन-तीन. तीन क्वार्टर ती जवळजवळ गप्पच होती. फक्त श्वास आणि कुकरच्या शिट्ट्या. चौथ्या क्वार्टरच्या आधी मी म्हटलं, "उज्जू, तुला किती छान लपवता येतं गं. मला तर जमलंच नव्हतं."

"काय लपवून राहिली मी?"

"तू पाहिलाय ना सामना?"

"पाहणार होती. साडेपाचले उठून मोबाइल घेऊन बसलीही होती," ती म्हणाली. "एकटीनं नाही लावता आला मले."

मला रडू फुटलं. "आता लाव समोरचं," ती खेकसली, "माझी भाजी करपून राहिली." माझं घर कुठं असं कुणी विचारलं तर मी अजूनही नागपूरच सांगते, पण ते आता तिथल्या पत्त्यावर आहे की नाही कोण जाणे. त्या दुपारी मात्र ते होतं. पुढे काय होणार हे दोघींनाही माहीत नव्हतं, आणि आम्ही चौथं क्वार्टर सुरू केलं.