मोरचुदाचा निळा

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयावर दोन खोल्या आहेत, त्यांना संग्रहालय म्हणतात. नाशिकच्या आणि मुंबईच्या चित्रकारांची काही चित्रं, लाकडाची आणि पत्र्याची थोडी शिल्पं, छापचित्रांचे दोन कप्पे आणि चित्रकला विभागानं जुन्या विद्यार्थ्यांकडून ठेवून घेतलेलं काम, असा तो संग्रह. मी ग्रंथालयात सहायक. संग्रह सांभाळणारे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही आणि किल्ल्या माझ्याकडे आल्या. चित्रांतलं मला काही कळत नाही, हे मी प्राचार्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "कळायला कशाला हवं? पुस्तकांच्या नोंदी करता तशा करा."

म्हणून मी नोंदवही घेऊन बसले. माप, माध्यम, चित्रकार, अवस्था. दुसऱ्या खोलीत खिडकीजवळ माणसाच्या उंचीचं एक चित्र होतं. गोणपाटावर काढलेलं, सगळं निळसर हिरवं, त्यात तपकिरी उभ्या रेघा. जुन्या यादीत एवढंच होतं : शीर्षक नाही, चित्रकार अज्ञात, तैलरंग. त्यावर धूळ फार होती. तैलरंगाला पाण्यानं काय होतंय, अशा समजुतीनं मी फडकं ओलं केलं, पिळलं आणि खालचा एक कोपरा पुसला.

निळा रंग फडक्यावर आला. तळहाताएवढ्या जागी गोणपाट उघडं पडलं.

फडकं मी पर्समध्ये कोंबलं आणि खोलीला कुलूप लावलं. कुणाला काही बोलले नाही. पुस्तकाचं पान फाटलं तर चिकटवता येतं, इथं काय करायचं हे मला माहीत नव्हतं आणि विचारावं असं कुणी दिसत नव्हतं. आठेक दिवस जेवताना, बसमध्ये, तेच डोक्यात. शेवटी चित्र भिंतीवरून उतरवून उलटं केलं. चौकटीच्या लाकडावर पेन्सिलनं एक रोल नंबर होता आणि खाली गाव : सायखेडा.

ऑफिसातल्या प्रवेशाच्या जुन्या वह्यांत तो नंबर सापडला. वीसेक वर्षांपूर्वीची एक मुलगी. घरच्या फोनवर तिचा भाऊ भेटला. म्हणाला, "तिला पिंपळगावला दिलीय. द्राक्षाच्या पॅकहाऊसवर असती ती."

जे सांगायचं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. शनिवारी मी बसनं पिंपळगाव बसवंतला गेले. पॅकहाऊसमध्ये गारठा होता. डोक्याला टोप्या घातलेल्या बायका लांब टेबलांशी उभ्या राहून कात्रीनं घडातले खराब मणी काढत होत्या. त्यांच्यावर देखरेख करणारी, चाळिशीची, उंच बाई, तीच ती. कॉलेजमधून आले म्हटल्यावर तिला वाटलं, काही दाखला राहिलाय.

"तुमच्या चित्राबद्दल आलेय," मी म्हणाले.

तिनं टोपी काढली. "ते अजून हाय?"

"आहे. पण माझ्या हातनं खराब झालंय."

मी सगळं सांगितलं. पर्समधलं फडकंही दाखवलं. तिनं ते उजेडात धरलं. मग म्हणाली, "कुणाला तरी विचारायचं होतं, मॅडम."

"हो. चुकलं माझं."

"तैलरंग नाय तो. मोरचूद हाय. मोरचूद आणि चुना, डिंकात कालवलेला. द्राक्षावर फवारतो ना, तेच."

"मग यादीत तैलरंग कसं?"

ती पहिल्यांदा हसली. "मीच चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, नाव नाय, नुसता नंबर टाकून. परीक्षेला औषध फासून आणलं म्हटलं असतं तर मार्क गेले असते. मला बागेतला निळा पाहिजे होता, तो ट्यूबमध्ये मिळत नव्हता. फवारणी झाली की वडलांचा शर्ट, बैलाची पाठ, विहिरीचा कठडा, सगळं तसलं व्हायचं." फडकं घडी करून तिनं मला परत दिलं. "म्हणजे थोडी चूक माझीबी हाय."

सोमवारी मी प्राचार्यांकडे गेले. चित्रापेक्षा, मी इतके दिवस गप्प बसले याचा त्यांना राग आला. त्यांनी मला लेखी समज दिली. मग चित्रकलेच्या शिक्षकांना बोलावलं. एक म्हणाले, संग्रहातल्या वस्तूला आता कुणीही हात लावायचा नाही. दुसरे म्हणाले, काढणारी बाई हयात आहे, तिला अडवणारे आपण कोण? दोन बैठका झाल्या. ठरलं ते असं : पुसलेली जागा तेवढी तिनं भरावी, बाकी चित्राला स्पर्श नको.

हंगाम उरकल्यावर ती आली. बरोबर मोरचूद, चुना आणि डिंकाचे डबे. चित्र जमिनीवर आडवं ठेवून ती दोन तास बसली. मी पाणी आणून देत होते. भरलेली जागा वाळली तेव्हा ती शेजारच्या निळ्यापेक्षा झगझगीत दिसायला लागली.

"जुळलं नाही," मी म्हणाले.

"नाय जुळणार. हे इतकी वर्षं खिडकीशी होतं." तिनं कागदावर त्यात थोडी काजळी मिसळून पाहिली, मान हलवली आणि कागद बाजूला ठेवला. "राहू दे असंच. लपवायला गेले तर अजून घाण होईल."

नाव काय लिहू म्हणून मी विचारलं. छाटणीनंतरची बाग आहे ती, रेघा म्हणजे खांब, एवढं तिनं सांगितलं. पण नाव नको म्हणाली. "तेव्हा सुचलं नव्हतं, आता उगाच कशाला?" चित्रकाराच्या रकान्यात मात्र मी तिचं नाव लिहिलं. ते तिनं वाकून वाचलं, माहेरचं आडनाव पुढे जोडायला लावलं. अवस्थेच्या रकान्यात मी लिहिलं : ओल्या फडक्यानं पुसल्यामुळे एक कोपरा माझ्या हातून गेला, चित्रकर्तीनं स्वतः भरला. प्राचार्य म्हणाले, "'माझ्या हातून' हे लिहायलाच हवं का?" मी हो म्हटलं. त्यांनी सही केली.

महिन्याभरानं तिचा फोन आला. पॅकहाऊसमधल्या चौघींना चित्र बघायचं होतं, सुट्टी फक्त रविवारी. रविवारी संग्रहालय बंद असतं. परवानगी काढून मी जाऊन उघडलं. ती चौघींना घेऊन आली आणि त्या चित्रासमोर ओळीनं उभ्या राहिल्या. त्यांतली वयानं मोठी होती ती बराच वेळ बघून म्हणाली, "बाग तर बरोबर हाय. पण माणसं कुठं गेली गं?"

"जेवायला गेलीत," चित्र काढणारी म्हणाली.

सगळ्या हसल्या. मग त्यांनी पत्र्याची शिल्पं पाहिली, छापचित्रांचे कप्पे उघडायला लावले, एका चित्रापुढे 'हे काय असंल' यावर त्यांचं भांडण जुंपलं. तास-दीड तास गेला. कँटीनही बंद होतं, म्हणून कुलूप लावून मी त्यांना फाटकाबाहेरच्या टपरीवर चहाला घेऊन गेले.