निऱ्या मागे हव्यात

आमच्या बोईसरच्या कारखान्यात पुरुषांच्या स्कर्टची ऑर्डर आली, त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत कुणी धड जेवलं नाही. डबे उघडे आणि सगळे हसतायत. मी तिथे चेकिंगला आहे. शिवून आलेल्या कपड्यातली खोड काढायची, हे माझं काम. नवरा म्हणतो, यासाठी तुला पगार कशाला देतात कोण जाणे, घरी तर तू हे फुकट करतेस.

स्कर्ट म्हणायचं नाही, किल्ट म्हणायचं, असं मॅनेजरसाहेबांनी बजावलं. स्कॉटलंडचे पुरुष पूर्वीपासून घालतात ते चौकड्यांचे, लोकरीचे. आमचा माल नव्या पद्धतीचा होता. जाड खाकी कापड, साइडला दोन मोठे खिसे, बटणं, पट्टा. तिकडची तरुण मुलं म्हणे हे घालून डोंगर चढतात, मोटारी दुरुस्त करतात. ‘घालेनात का,’ आमच्या लाइनवरची एक जण म्हणाली, ‘पण मोटारीखाली शिरताना काय करत असतील?’ पुन्हा सगळे हसले.

सॅम्पल शिवून झालं आणि खरी पंचाईत झाली. बायरला अंगावर घातलेला फोटो हवा होता आणि कारखान्यातला एकही पुरुष तयार होईना. पॅटर्न मास्तर आजमगढकडचे. मी त्यांना म्हटलं, घाला की पाच मिनिटं. ते दोन पावलं मागेच सरकले. ‘मैडम, गाँव में किसी ने फोटो देख लिया तो शादी में कोई बुलाएगा नहीं.’ आता हेच मास्तर संध्याकाळी लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून स्टेशन रोडला भाजी घेताना मी शंभरदा पाहिलेत. तसं म्हटल्यावर ते म्हणाले, लुंगी वेगळी. काय वेगळी, ते काही त्यांना सांगता आलं नाही. शेवटी पुतळ्यालाच किल्ट घातला आणि पुतळा बाईचा होता.

फोटो गेला आणि तिकडून सॅम्पल नापास होऊन आलं. कारण काय, तर किल्टच्या निऱ्या मागे असतात आणि पुढची बाजू सपाट असते. आम्ही निऱ्या पुढे घेतल्या होत्या. बायरच्या कागदावर बाण काढून स्पष्ट दाखवलं होतं, पण कुणी पाहिलंच नाही. निऱ्या आणि मागे? लाइनवरच्या तीस बाया रोज सकाळी साडीच्या निऱ्या पोटाशी खोचून कामाला येतात. हात आपोआप पुढेच गेले. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी की ते सॅम्पल पास मी केलं होतं. निऱ्या अगदी सारख्या पडल्यात, असा शेराही मारला होता.

मला त्या दिवशी बोलणी बसली. रागारागाने मी ते नापास सॅम्पलच मागून घेतलं आणि घरी आणलं. नवरा साताऱ्याकडचा, तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला. त्याला म्हटलं, घालून बघा, उकाड्यात बरं वाटेल. तो म्हणाला, ‘माझ्या सात पिढ्यांत कुणी असलं घातलं नाही.’ मी म्हटलं, सात पिढ्यांनी पँट तरी कुठे घातली होती? त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

किल्ट कपाटात पडून राहिला. मलाही तो विसरायला झाला, कारण त्याच महिन्यात बाबांच्या डोळ्यांचं निघालं.

माझं माहेर इथून जवळच, दांडी गावचं, समुद्राकाठचं. आमच्या घरात होडी आहे, ती आता भाऊ चालवतो. बाबा ऐंशीला टेकले तरी ओट्यावर बसून जाळी दुरुस्त करायचे. भावाच्या लक्षात आलं की ते जाळं डोळ्यांनी बघतच नाहीत, बोटांनी चाचपतात. मग एकदा ओटा उतरताना पडले. बोईसरच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, एक तरी ताबडतोब करा. करून झाल्यावर पंधरा दिवस कुणीतरी दिवसातून सहा वेळा औषध घालायला हवं. भाऊ समुद्रावर, भावजय पहाटेच मासळी घेऊन बाजारात. आई जाऊन पाच वर्षं झाली. म्हणजे त्यांनी माझ्याकडे यायला हवं होतं आणि ते येईनात.

‘मना नाय यायचं,’ एवढंच म्हणायचे. भाऊ समजावून थकला, भावजयीने अबोला धरून पाहिला. मग एकदा ते भावाजवळ बोलून गेले, ‘तिकडं पाटलोन घालून बसायला लागतं.’

भावाला ती गंमत वाटली. मला नाही वाटली, कारण मला ती पाटलोन ठाऊक होती.

आमच्याकडचे जुने पुरुष कमरेला चौकड्यांचा रुमाल बांधतात. पुढे त्रिकोण, मांड्या उघड्या. चिखलात, पाण्यात, होडीवर याहून सोयीचं वस्त्र नाही. बाबांनी जन्मभर तेच वापरलं. माझ्या मुलीच्या बारशाला ते तसेच आले होते, धुतलेला पांढरा सदरा, नवा रुमाल आणि हातात सरंगा मासळीची टोपली. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. साताऱ्याहून सासरची सगळी मंडळी आली होती. बाबा दारात उभे राहिले आणि मोठ्या जाऊबाईंनी पदर तोंडाला लावून मान फिरवली. मी बाबांना लगबगीने स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि नवऱ्याची पँट त्यांच्या हातात दिली. ती त्यांना कमरेला ढगळ झाली. एका मुठीत कंबर धरून ते म्हणाले, ‘मी हितंच बसतो.’ आणि ते पिठाच्या डब्याशेजारी पाटावर बसले. नातीच्या पाळण्याची गाणी त्यांनी तिथूनच ऐकली. मी त्यांना बाहेर बोलावलं नाही. मला लाज वाटत होती, आणि ती कुणी आणून दिलेली नव्हती, माझीच होती.

त्याला सव्वीस वर्षं झाली. त्यानंतर बाबा येत राहिले, पण दारापर्यंत. मासळीची पिशवी द्यायची, पाणी प्यायचं आणि ‘भरती हाय’ म्हणून निघायचं. ओहोटी असली तरी भरती हाय.

तर मी किल्ट पिशवीत घातला आणि दांडीला गेले. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात माझी बोली आपोआप सुटते, रिक्षातून उतरल्या उतरल्या.

‘बाबा, पाटलोन नाय घालायची. ह्यो बघ काय आणलाय.’

त्यांनी तो हातात घेतला. दिसत तर नव्हतंच फारसं. दोन बोटांत कापड चोळलं आणि चेहरा उजळला. ‘शिडाचं कापड हाय.’ मग निऱ्या चाचपल्या, पट्टा ओढून पाहिला, खिशात कोपरापर्यंत हात घालून पाहिला. उठून आत गेले आणि घालून आले. मी बघतच राहिले. निऱ्या मागे होत्या आणि पुढची बाजू सपाट. त्यांनी तो उलटा फिरवून नेसला होता.

मी विचारलं, असा का नेसलास? त्यांना माझी कीव आली असावी. ‘पुढं घोळ आला तं होडीत चढताना पाय अडकंल. शिवणाऱ्याला कळत नाय काय?’

शिवणारे आम्ही तीस जणी आणि पास करणारी मी. बायरच्या कागदावरचे बाण दाखवत असूनही आम्हाला जे दिसलं नाही, ते माझ्या बापाने अर्ध्या मिनिटात अंधाऱ्या डोळ्यांनी सांगितलं. मी तिथेच बसून पट्ट्याचे हूक उसवून उलट्या बाजूला लावले. मग ते म्हणाले, ‘चल.’

ऑपरेशनला ते किल्ट घालूनच गेले. रिक्षावाला आरशातून इतका बघत होता की मीच त्याला रस्ता दाखवत होते. दवाखान्यात एका बाईंनी मुलाचे डोळे झाकले. नर्स मात्र म्हणाली, आजोबा, भारीच दिसताय. बाबा म्हणाले, ‘खिसं पन हायेत.’ ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा, खाकी किल्ट आणि पांढरा सदरा अशा थाटात ते आमच्या बिल्डिंगच्या बाकावर संध्याकाळी बसू लागले. पहिले दोन दिवस लोक चालायला जाताना वळून बघायचे. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या पोरांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मला जिन्यात गाठलं आणि हळूच विचारलं, असा एक मिळेल का, पण मिसेसना सांगू नका. नवराही एक दिवस किल्टचं कापड चाचपत होता. मी खोकले तसा त्याने हात काढून घेतला.

मला वाटलं, सुटला प्रश्न. सव्वीस वर्षांचं ओझं एका नापास सॅम्पलने उतरवलं. मी फार खुशीत होते, औषधासाठी रजा टाकली होती तरी कारखान्यात फोन करून सगळ्यांना रंगवून सांगत होते.

बाराव्या दिवशी रविवार होता. किल्ट धुऊन गॅलरीत वाळत घातला होता आणि बाबा आपल्या जुन्या रुमालात, पंख्याखाली सोफ्यावर मांडी घालून बसले होते. दुपारी बेल वाजली. साताऱ्याहून मोठे दीर आणि जाऊबाई, कुणाच्या लग्नाला पालघरला आले होते, ते न कळवता आम्हाला भेटायला आले होते. नवरा दार उघडून ‘या, या’ म्हणाला. मी वळून बघते, तर सोफा रिकामा.

बाबा स्वयंपाकघरात होते. दार त्यांनी आतून लोटून घेतलं होतं. मी ते ढकललं, तर ते पिठाच्या डब्याशेजारी उभे. नव्या डोळ्याने माझ्याकडे नीट बघत त्यांनी हात पुढे केला.

‘पाटलोन दे,’ ते म्हणाले. ‘मी हितंच बसतो.’

इतकं हळू बोलले की बाहेर ऐकू जाऊ नये. माझी अब्रू सांभाळत होते. मला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही माझ्यावरच. किल्ट वगैरे सगळं ठीक होतं, पण बारशाला मी त्यांच्या हातात पँट दिली होती, ते कापडाबद्दल नव्हतंच. मी लोटलेल्या त्या दाराबद्दल होतं.

लग्न होऊन आल्यापासून सासरच्या माणसांसमोर मी माहेरच्या बोलीतला एक शब्द बोलले नव्हते. जाऊबाईंच्या कानावर पडेल अशा आवाजात म्हटलं, ‘पाटलोन नाय हाय. पायजे कशाला? चल भायेर.’

त्यांचा हात धरला आणि होते तसे, रुमालात, बाहेर आणले. सोफ्याच्या मधोमध बसवलं. म्हटलं, ‘हे माझे बाबा. बारशाला आले होते, तुम्हाला भेटवायचं राहून गेलं.’

जाऊबाई उठल्या. आता त्याही म्हाताऱ्या झाल्यात, गुडघे दुखतात. वाकून नमस्कार केला. बाबांनी रुमाल सारखा केला, मांडी घातली आणि घर आपलंच असल्यासारखं त्यांना विचारलं, ‘चा घेनार ना?’

मी चहा ठेवायला आत गेले. दार उघडंच ठेवलं.