तिसऱ्या प्लगची हळद

मी एकदा गाडीच्या इंजिनाला आंघोळ घातली. फडक्याने पुसलं वगैरे नाही. बॉनेट उघडलं, ट्रॅक्टर धुवायच्या पंपाची नळी आणली, सरळ त्याच्या डोक्यावर धरली आणि चांगली दहा मिनिटं धुतलं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायचं वय अजून व्हायचं होतं.

आता माझी बाजू ऐका. पोशीरला आमची भातगिरणी होती आणि तीस वर्षं ती मी चालवली. तिचं इंजिन डिझेलवरचं, म्हशीएवढं आणि म्हशीसारखंच हट्टी. दसऱ्याला त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. दुसऱ्या दिवशी ती हळद तेलात मिसळून चिकट व्हायच्या आत त्याला घासून आंघोळ. तीस दसरे झाले, इंजिन कधी शिंकलंसुद्धा नाही. शिंकणार कसं? डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागतच नाही, ते नुसत्या दाबाने पेटतं. पेट्रोलच्या गाडीचं तसं नाही. तिच्या प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक खोल भोक, भोकाच्या तळाशी प्लग, आणि त्या प्लगच्या टोकाला ठिणगी पडली तर गाडी चालणार. आडासारख्या त्या भोकात पाणी उतरलं की संपलं. हे मला माहीत नव्हतं का? यजमानांच्या स्कूटरचे प्लग मी पॉलिश पेपरने घासलेत. चांगलं माहीत होतं! पण तीस वर्षांची गिरणीवाली ना मी. मला कोण शिकवणार?

ही गाडी माझ्याकडे आली तीही त्याच तोऱ्यात. घरोघर विजेवरच्या छोट्या गिरण्या आल्या, आमची बंद पडली. इंजिन विकलं आणि त्याच महिन्यात खालापूरकडच्या एका फार्महाऊसवाल्याची जुनी लाल गाडी दारात आणून उभी केली. दोन सीटची, छप्पर मागे सरकणारी, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. माझी थोरली जाऊ शेजारीच राहते. ती पदर खोचून गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "अगं, ही मोटार हाय का चप्पल?"

"बसून तर बघा, ताई."

"बसंन गं. पन उठवायला चार मानसं बोलव."

दोनच सीटची कशाला घेतलीस, असं गावात सगळ्यांनी विचारलं. तिसरं कोणी मागे बसून सल्ला द्यायला नको म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं.

तर त्या दसऱ्याला मी गाडीला गिरणीचाच मान दिला. बॉनेट उघडून इंजिनाच्या डोक्यावर हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी पंपाने धुतलं. तिसऱ्या दिवशी कशेळ्याच्या बाजाराला निघाले, तर चढ लागल्याबरोबर गाडी अडखळायला लागली.

मेकॅनिक लोक याला मिसिंग म्हणतात. चारातलं एक सिलिंडर मध्येच ठोका चुकवतं. चौघी जणी एका उखळात भात कांडताहेत आणि एकीचं मुसळ मध्येच हवेत राहतंय, अगदी तसा आवाज. सपाटीवर कळायचं नाही. चढावर गाडी ओठ चावत चढायची.

माझा मुलगा पनवेलला असतो. त्याला फोनवर सांगितलं आणि तिथेच चुकलं. रविवारी तो आला आणि आम्ही गाडी खालापूरच्या बाजूला, हायवेवरच्या एका मोठ्या गॅरेजात घेऊन गेलो. काचेची खोली, आत गारवा, भिंतीवर टीव्ही. तिथला साहेब माझ्या मुलापेक्षाही लहान. त्याने वही उघडली आणि माझ्या मुलाला विचारलं, "काय त्रास आहे गाडीला?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "दसऱ्याला मी इंजिन..."

"आजी, तुम्ही आत बसा ना. एसी आहे. चहा सांगतो."

गाडी माझी. चालवते मी. कान माझे. आणि मी आत बसा! मी बसले. एवढा राग आला होता की पुढचं वाक्य चहाबरोबर गिळून टाकलं. आज वाटतं, त्या बाईला कोणीतरी गदागदा हलवायला हवं होतं. रागावून गप्प बसते! गिरणीत कोणी मापात लबाडी केली तर आळी गोळा करणारी बाई, आणि इथे बिस्किट बुडवत बसली.

चार दिवसांनी गाडी परत आली. म्हणे कंप्यूटर लावला, स्टिअरिंगसमोरचा इंजिनाचा दिवा विझवला, टाकीतलं पेट्रोल बदललं, पेट्रोलचे नॉझल साफ केले. गेटच्या आत दोन चकरा मारल्या, एकदम नीट चालली. नीट चालणारच! त्यांच्या गेटच्या आत कुठला घाट? घरी येताना पहिल्याच चढाला मुसळ हवेत.

मुलाने पुन्हा गाडी नेली. या वेळी मला नेलंच नाही. संध्याकाळी परत आला तो तोंड पाडून. तिकडे त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की गाडीत काही नाही, आजींचा पाय क्लचवर राहतो, वयामुळे होतं असं.

वयामुळे! अहो, त्या पायाने मी तीस वर्षं गिरणीचा पट्टा सांभाळलाय. पाय क्लचवर राहिला तर क्लच जळतो, वास येतो, गाडी सरकत नाही. ठोका कशाला चुकेल? हे त्याला कोण विचारणार? गाडी चालवतं कोण, हे त्यांनी मुलाला दोनदा विचारलं. गाडीला झालं काय, हे मला एकदाही नाही. आणि माझ्या पोटच्या मुलाने त्यांचं ऐकून घेतलं.

"आई, घाटात बंद पडली आणि मागून टेंपो आला तर?" तो म्हणाला. "मी तिकडे ऑफिसात बसून रोज तेच डोळ्यासमोर बघतो. फार्महाऊसवाले काका गाडी परत घ्यायला तयार आहेत. रविवारी अकराला येतील."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. मी म्हटलं, "रविवारी आठला ये. नेरळहून माथेरानच्या घाटात वर दस्तुरीच्या गाडीतळापर्यंत मी चालवते, तू शेजारी बस. एकदा जरी अडखळली तर किल्ली त्यांच्या हातात मी स्वतः देते. आणि पुन्हा गाडीला हात लावणार नाही."

बोलून गेले. बुधवार होता.

गुरुवारी सकाळी बॉनेट उघडलं. जाऊबाई खुर्ची घेऊन आल्या, तमाशा बघायला. आता उभ्या गाडीतही आवाज बिघडला होता, तेच बरं झालं. प्रत्येक प्लगवर एक कॉइल बसलेली असते, त्या प्लगला वीज देणारी, आणि तिला एक वायर. मी गाडी बंद करायची, एका कॉइलची वायर काढायची, गाडी सुरू करायची आणि ऐकायचं. चांगलं सिलिंडर बंद केलं तर आवाज बिघडायला हवा. मेलेलंच बंद केलं तर काय बिघडणार? पहिलीची काढली, इंजिन थरथरलं. वायर लावून दुसरीची काढली, तेच. तिसरीची काढली. काही नाही. होता तोच आवाज.

"ताई, ऐकलंत?"

"काय ऐकायचं? काय झालंच नाय."

"तेच तर!"

तिसरी कॉइल उपसून काढली. टॉर्च मारला. भोकाच्या तळाशी प्लग दिसला आणि प्लगभोवती ओला पिवळा चिखल.

दोघींनी डोकं खुपसून आत बघितलं. जाऊबाईंनी बोट आत घालता येईना म्हणून कॉइलच्या रबराला लागलेलं पिवळं नखाने खरवडलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"हळद हाय गं."

"हो."

"गॅरेजवाल्याकडे हळद कुठली?"

"ताई, गप्प बसा."

"बरं झालं तू विमान नाय घेतलंस. त्याला पन उटणं लावलं असतंस."

मी घरात जाऊन पाणी प्याले. पंधरा दिवस ज्यांच्या नावाने बोटं मोडत होते, त्यांच्याबरोबर आता स्वतःच्याही नावाने मोडायची होती. पण रविवार कोणासाठी थांबत नाही. कॉइल मेली की प्लग, ते बघायला तिसरी कॉइल पुसून पहिल्या जागी लावली आणि पहिली तिसऱ्या जागी. कॉइल खराब असती तर दोष तिच्याबरोबर पहिल्याला गेला असता. गेला नाही, तिसरं सिलिंडरच मुकं राहिलं. म्हणजे प्लग. नातीच्या सायकलच्या पंपाने आधी भोकात हवा मारून चिखल बाहेर उडवला, नाहीतर तो सगळा इंजिनाच्या पोटात पडला असता. मग लांब नळीच्या पान्ह्याने प्लग काढला. गंजलेला, पांढऱ्या चिनी मातीवर हळदीचा ओघळ. शुक्रवारी कर्जतहून नवे चार आणले आणि चारही बदलले. किल्ली फिरवली. चार मुसळं, एक उखळ.

रविवारी आठला मुलगा आला. तो सीटमध्ये घुसला, गुडघे हनुवटीला, हाताने दाराचं हँडल घट्ट धरलेलं. नेरळ सुटलं. जुम्मापट्टीच्या पुढच्या वळणावर समोरून टॅक्सी आली, मला अगदी थांबावं लागलं. उभ्या चढावर. तिथून उचलायची होती. मुलाने डोळे मिटले. मी पाय क्लचवरून काढला, हो, तोच पाय, आणि गाडी दोरीने ओढल्यासारखी वर गेली. दस्तुरीपर्यंत एक ठोका चुकला नाही.

वर गाडी लावली. तिसरा प्लग गंजला होता, चारही बदलले, एवढंच त्याला सांगितलं. मुलगा खाली उतरला, कंबर सरळ केली आणि खिशातून फोन काढला. "त्या गॅरेजवाल्याला आता सोडत नाही. दोनदा गाडी नेली आणि साधा प्लग उघडून बघता आला नाही? वर तुझ्या पायाला नावं ठेवली!"

हेच ऐकायला पंधरा दिवस आसुसले होते. गप्प बसले असते तर किल्ली माझ्याकडे राहणार हे नक्की. आणि बोलले तर? जिने पंपाने इंजिन धुतलं तिच्या हातात गाडी कोण ठेवील? पण त्या माणसाला शिव्या मिळायच्या त्या त्याच्या वाट्याच्या मिळाव्यात. विचारलं नाही, ऐकलं नाही, घाट चढून बघितलं नाही, एवढ्याच्या. हळदीच्या शिव्या माझ्या होत्या. त्या मी दुसऱ्याला का देऊ?

"थांब," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

"पंपाने?"

"पंपाने."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

तो कठड्यावर जाऊन बसला. तोंड खाली नेरळकडे. त्याचे खांदे हलत होते, पण हसतोय की काय ते मागून कळेना. मग त्याने फोन लावला, गॅरेजवाल्याला नव्हे. "काका, आज येऊ नका. गाडी द्यायची नाहीये," एवढंच बोलला. फोन खिशात टाकला आणि मला म्हणाला, "किल्ली राहू दे तुझ्याकडे. पण पुढच्या दसऱ्याला इंजिनाला लांबूनच नमस्कार कर, आणि आंघोळ घालायची एवढी हौस असेल तर दिवाळी आलीच आहे, मला घाल."