एकोणीस वेळा हँडल

माझ्या साडूला अर्ध्या बाहीच्या शर्टात कुणी पाहिलेलं नव्हतं. उकाड्याने कुत्री जीभ बाहेर काढून पडायची, आणि हा गडी मनगटापर्यंत बटण लावून बसलेला. तेही माझी मेहुणी लावून द्यायची. उजवं मनगट वाकडं होतं, आणि ते चारचौघांत दिसू द्यायचं नाही हा त्याचा एकतीस वर्षांचा नेम.

त्याआधी तो ड्रायव्हर होता. आणि कसला! शिक्षण माझ्याएवढंच, म्हणजे गावच्या शाळेत बाकावर कमी आणि बाकाबाहेर जास्त. पण इंजिनाचा आवाज ऐकून सांगायचा की कुठला प्लग रुसलाय. नोकरी एका कारखानदाराकडे. त्या मालकाला जुन्या ब्रिटिश गाड्यांचं वेड. सगळ्यांत लाडकी म्हणजे एक हिरवी, उघड्या टपाची, वयाने मालकाच्या वडिलांच्या बरोबरीची. मालक फोटोपुरते टेकायचे. पुसणं, ग्रीस भरणं, रुसवे काढणं साडूकडे.

ही हिरवी हँडल मारून चालू व्हायची. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक माणूस पुढे वाकून लोखंडी हँडल फिरवतो, दुसरा आत बसतो. आतल्याला कामं दोनच. स्विच लावायचा, आणि स्टिअरिंगवरची टायमिंगची दांडी मागे ओढून ठेवायची. दांडी पुढे राहिली की ठिणगी वेळेआधी पडते, इंजिन उलटा झटका देतं, आणि हँडल बाहेरच्याचा हात घेऊन मागे फिरतं. घोड्याची लाथ परवडली! म्हणून बाहेरच्याने आधी ओरडून विचारायचं, "दांडी मागे?" आतल्याने बघून सांगायचं, "मागे!" मगच हँडल.

त्या दिवशी साडूने विचारलं होतं. आत मालक होते. शेजारी बसलेल्या पाहुण्यांशी गप्पा मारता मारता, न बघताच ते म्हणाले, "हो हो, मागे."

मागे नव्हती. मनगटाचा कडाड आवाज फाटकापर्यंत गेला.

पाहुण्यांदेखत चूक कोण पदरात घेणार? मालक म्हणाले, "गाढवाला हँडल धरता येत नाही." प्लास्टर निघायच्या आत नोकरी गेली, आणि ते वाक्य सगळ्या गॅरेजांत साडूच्या आधी जाऊन पोचलं. ज्याला हँडल धरता येत नाही, त्याच्या हाती गाडी कोण देणार? शेवटी बस डेपोच्या दारावर चिकटला. चाकं फिरवणारा माणूस फाटक फिरवू लागला. "हाड जुळलं दादा," मला म्हणायचा, "नाव काही जुळत नाही."

तर यंदा डेपोच्या शेजारच्या मैदानावर जुन्या ब्रिटिश गाड्यांचा मेळावा भरला. मी दोन दिवस मागे लागलो, हा ढिम्म. रविवारी सकाळी मात्र दाढी करून माझ्याच दारात उभा. "चला. हिरवी आलीय म्हणे."

मैदानात गाड्या अशा मांडलेल्या की जणू लग्नातल्या वरमाया. काळी ऑस्टिन, किरमिजी रायली, सायीच्या रंगाची मॉरिस. प्रत्येकीच्या पोटाखाली पत्र्याचा ट्रे. मी म्हटलं, "एवढ्या नटल्यात आणि गळतायत की रे!"

"ब्रिटिश गाडीखाली तेल दिसलं नाही तर घाबरायचं, दादा. म्हणजे आत काही उरलंच नाही."

एकतीस वर्षांत त्याने माझ्याशी केलेला हा पहिला गाडीवरचा विनोद. मी खूश झालो. तेवढ्यात कर्ण्यातून आवाज आला, आणि साडूचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला.

मालक बोलत होते. चौकडीची टोपी, कोटाच्या कॉलरला अडकवलेला माइक, भोवती दोनशे माणसं. "हिचा प्रत्येक नट मला ओळखतो," ते म्हणाले. लोक हसले. "आणि एक नग होता आमच्याकडे. ड्रायव्हर म्हणवायचा. हँडल असं धरायचा, जसं काही सासऱ्याचं बोट धरलंय! घेतला हात मोडून." लोक पोट धरून हसले. दर मेळाव्यात सांगून सांगून गुळगुळीत झालेला किस्सा होता तो.

साडू हसला नाही. बाहीचं बटण चाचपून म्हणाला, "अजून सांगतोय."

मग स्पर्धेची घोषणा झाली. मालकाने स्वतः हँडल मारून गाडी चालू करायची. परीक्षक म्हणून तंत्रशाळेच्या निवृत्त मास्तरीणबाई, सत्तरीच्या, पण नजर सुईसारखी. मालकांचा नवा ड्रायव्हर आत बसला आणि दांडीकडे असा बघत राहिला, जसं मी इंग्रजी फॉर्मकडे बघतो. मालक वैतागले. "अहो, जुन्या गाडीत कुणी बसलंय का आयुष्यात?"

"मी बसलोय," साडू म्हणाला.

पांढरी दाढी, पांढरे केस. मालकांनी ओळखलं नाही. "या काका, बसा."

मी दाराला लागून उभा राहिलो. साडूने स्विच लावला. मग दोन बोटांनी दांडी सरकवली. मागे नाही, पुढे. समोर मालकांनी हँडल मुठीत घट्ट धरलं, अंगठ्यासकट, म्हणजे झटका बसला तर हात सुटायचाच नाही. एक फेरा, आणि हिशेब पुरा झाला असता. साडूने माझ्याकडे बघितलं, आणि हळूच हसला. दांडी मागे घेतली. आणि स्विच बंद केला.

मग मालकांनी हँडल मारलं. स्विच बंद असलेली गाडी बापजन्मी चालू होते का? दुसऱ्यांदा. पाचव्यांदा. नवव्याला टोपी उतरली. बाराव्याला कोट गेला. आयोजकाने धावत येऊन माइक शर्टाला लावला, त्यामुळे धाप कर्ण्यातून ऐकू यायला लागली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "साहेब, विहिरीला पाणी लागलं का?" दुसरा म्हणाला, "नट ओळखत नाहीत वाटतं आज!" साडू आत शांत बसून, देवळात बसावं तसा. एकोणिसाव्याला मालक बंपर धरून खालीच बसले.

साडूने स्विच लावला आणि उतरला. बाहीचं बटण दातांनी तोडलं. बाही कोपरापर्यंत गुंडाळली, आणि ते वाकडं मनगट उन्हात आलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून त्याने हँडल धरलं, अर्धा फेरा मारला, आणि हिरवी खोकली, शिंकली आणि धडधडू लागली.

टाळ्या पडल्या. मालकांची नजर मात्र मनगटावर. "तू... तूच का रे? स्विच लावला नव्हतास तू!"

"नव्हता," साडू म्हणाला. "पण तुम्ही विचारलंत कुठे? हँडल मारण्याआधी आतल्याला विचारायचं असतं. मी विचारलं होतं, साहेब. दांडी मागे? तुम्ही म्हणालात, मागे."

माइक चालूच होता. मास्तरीणबाईंनी पुढे येऊन ते मनगट वाचल्यासारखं निरखलं. "हा उलट्या झटक्याचा मार आहे. आत कोण होतं त्या दिवशी?"

मालकांनी टोपी शोधली. ती इंजिनाखालच्या ट्रेमध्ये पडली होती, तेलात. "मी," ते पुटपुटले.

"ऐकू आलं नाही, साहेब," साडू म्हणाला. "नग असा धरायचा, सासऱ्याचं बोट, ते कसं खणखणीत ऐकू आलं."

"मी होतो आत! दांडी पुढे होती. चूक माझी होती."

कर्णा डेपोपर्यंत ऐकू जातो. फाटकावरचा दुसरा पहारेकरी फाटक अर्धं उघडं टाकून बाहेर आला, आणि एक बस तशीच भोंगा वाजवत उभी राहिली.

वाटेत मी न राहवून विचारलं, "दांडी पुढे ठेवली होतीस. मग का सोडलंस त्याला?"

"हात मोडला असता तर लोक त्याला भेटायला गेले असते, दादा. हळहळले असते. हसू झालं की कुणी भेटायला येत नाही."

मेहुणीने तुटलेलं बटण पाहून सुईदोरा काढला, तर म्हणाला, "राहू दे. दोन्ही बाह्या कोपरावर काप." आता चौकात बसून सगळ्यांना सांगतो, मनगट वर करून. मालकांचे फेरे मी मोजले तेव्हा एकोणीस होते. मागच्या आठवड्यात बत्तीस झाले. मी शेजारीच बसतो आणि मान डोलावतो.