शाईने लिहिलेला शिंजीर

आमच्या मामांइतका पाखरांचा वेडा तापीपासून नर्मदेपर्यंत दुसरा झाला नाही, आणि बरंच झालं, कारण दुसरी मामी देवाने कुठून आणली असती? मामा धडगावला जंगलखात्यात कारकून. गळ्यात कायम एक नळी मोडलेली दुर्बीण. तिच्यातून पाहून पाहून डावा डोळा मिटायची अशी सवय जडली, की साहेबासमोरही तो मिटलेलाच. साहेबाला वाटे, हा आपल्याला डोळा मारतो! त्यांची एक वही होती. ऐकीव पाखरू तिच्यात पेन्सिलीने, आणि स्वतः नीट पाहिलेलं तेवढंच शाईने. मी एकदा घुबड पाहिल्याचं शपथेवर सांगितलं, तर म्हणाले, "भाच्या, तू भला मानूस शे. पन पेन्सिल."

स्वतःलाही त्यांनी सूट दिली नव्हती. शिंजीर म्हणजे फुलात चोच खुपसून मध पिणारं अंगठ्याएवढं पाखरू. त्याचा नर नेहमी दिसतो तो निळाकाळा. पण तोरणमाळच्या वाटेवर पांगाऱ्यावर मामांना एकदा लाल पाठीचा डोंगरी शिंजीर दिसला, तोही ओझरता. दुर्बीण लावेस्तोवर भुर्र! रेंजर हसला, म्हणाला, ऊन लागलं तुम्हाला. मामांनी मुकाट पेन्सिलीने लिहिलं आणि पुढची दहा वर्षं त्या पाठीच्या मागे घालवली.

मग एका फाल्गुनात शिंजिराच्या मादीने थेट मामांच्या पडवीत, कपडे वाळायच्या दोरीवर घरटं टांगलं. मादी मातकट. तिचा नवरा निळा की लाल, हे तो पिल्लांना भरवायला येईल तेव्हाच कळणार. घरटं विणायला तिला कोळ्याची जाळी लागतात म्हणून मामांनी घरात झाडू फिरवायची बंदी केली. मामीची लुगडी गोठ्याच्या कुडावर वाळू लागली. त्यात ताईचं, म्हणजे माझ्या मामेबहिणीचं, लग्न जमवायचं चाललेलं. मामी कडाडली, "चिडीना नवरा देखाले टाइम शे, पोरना नवरा कोन देखी?"

पिल्लं निघाली आणि नेमके त्याच दिवशी शहाद्याहून पाहुणे आले. आधीची दोन स्थळं मामांच्या मिटक्या डोळ्याने मोडलेली. मामीने पाहुण्यांना पडवीकडे तोंड करून बसवलं, मामांना पडवीकडे पाठ करून, आणि आन घातली, "मान वळाई ते मन्हं मरेल तोंड देखशात." मला शेजारी बसवलं, त्यांचं उपरणं धरायला.

ताई पोहे घेऊन आली, पाटावर बसली. तेवढ्यात पाठीमागे किणकिण आवाज झाला. नराचा! मामांच्या मानेची शीर ताठ झाली, कपाळावर घाम आला. पण बिचारे दोन्ही डोळे उघडे ठेवून व्याह्यांशी कपाशीबद्दल बोलत राहिले. मान तसूभर वळली नाही. मी वळून पाहिलं तोवर दोरी नुसती हलत होती.

लग्न ठरलं. दुसऱ्याच दिवशी कावळ्याने घरटं फाडलं आणि नर पुन्हा आला नाही. साखरपुड्यात मामांनी व्याह्यांना हळूच विचारलं, "तो पक्षी लाल व्हता का निळा?" व्याही म्हणाले, "आम्ही पोर देखाले उनूत, पाखरू नई." मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

वैशाखात लग्न लागलं. निरोप घेताना ताई मामांच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "दादा, लाल व्हता. पाठ लाल व्हती. मी देखा."

दोन महिने ती याबद्दल अक्षर बोलली नव्हती. आणि पोहे ठेवून आत जाईपर्यंत तिची मान खाली होती, नजर पाटावरून हलली नव्हती. हे मी पाहिलं होतं. मामा तर तिच्यासमोरच बसले होते.

मामा गेल्यावर मामीने ती वही मला दिली. मी वैशाखातलं पान काढलं. "लाल पाठीचा शिंजीर, नर. घरची पडवी. ताईने पाहिला." अख्ख्या वहीत दुसऱ्याने पाहिलेलं तेवढं एकच पाखरू शाईने लिहिलेलं आहे.