नोला ब्रेननने रूळ ओलांडून नेलेलं घर

मुराबा गावात मालगाडीला वेगळी वाट नव्हती. ती भर बाजारातून, मुख्य रस्त्याच्या मधोमध, घंटा वाजवत माणसाच्या चालीने जायची. सायकलवाले बाजूला व्हायचे, न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा क्षणभर उचलून धरायचा आणि शेवटचा डबा गेला की पुन्हा कामाला लागायचा. गावातली घरं लाकडाची, पत्र्याच्या छपराची, जाडजूड खांबांवर उभी. कुणाला जागा बदलायची असली की घरही बरोबर जायचं. खांबांवरून उचलायचं, ट्रकवर चढवायचं, की निघालं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या त्या भागात हे काम डार्बी ब्रेननचं होतं, आणि नोला त्याची एकुलती एक मुलगी.

ती घरांखालीच लहानाची मोठी झाली. घर उचलायच्या जॅकचा दांडा कधी थांबवायचा, तुळई कुरकुरली तर ती दमलीय की मोडणार आहे, हे तिला कानाने कळायचं. पुढे ट्रकही तीच चालवू लागली. तरी गिऱ्हाईक काम झालं की हात मिळवायचं डार्बीशी, आणि डार्बीही हॉटेलात बसून सांगायचा, "आज मी पोस्टमास्तरचं घर हलवलं." नोला ते ऐकत बाहेर ट्रक पुसत असायची.

मग डार्बी शिडीवरून पडला आणि त्याचं कंबरेचं हाड मोडलं. धंदा नोलाच्या गळ्यात आला. लोक चौकशीला यायचे, डार्बीला भेटायचे आणि "बघू पुढच्या वर्षी" म्हणून जायचे. काम द्यायला आली ती एकटी ब्रायडी हॅनिगन. ही म्हातारी विधवा नदीकाठी राहायची आणि दर पुराला तिच्या स्वयंपाकघरात पाणी शिरायचं.

"नदीला माझं घर फार आवडतं गं," ती म्हणाली. "मला नदी आवडत नाही. ने मला टेकडीवर."

"घर रुंद आहे, व्हरांडा कापून वेगळा न्यावा लागेल," खाटेवरून डार्बी म्हणाला.

"माझ्या नवऱ्याने बांधलाय तो," ब्रायडी म्हणाली.

नोलाने दोघांकडे पाहिलं. "अख्खं नेईन, मिसेस हॅनिगन."

टेकडीवर जायचं तर रूळ ओलांडणं भाग होतं. स्टेशनमास्तरला विचारून रविवारची सकाळ ठरली, दुपारपर्यंत गाडी नव्हती. ब्रायडी काही केल्या मोटारीत बसेना. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसली, मांडीवर चहाचा थर्मास. डार्बीने स्वतःला शेजाऱ्याच्या गाडीतून आणवून घेतलं आणि फुटपाथवर खुर्ची टाकून बसला. चर्चमधून निघालेले लोक घरी जायचे सोडून तिथेच थांबले.

ट्रक रुळांपलीकडे गेला, घराच्या मागच्या टोकाखालची चाकगाडी रुळांवर आली, आणि डांबर खचलं. पावसाने आतून माती केव्हाच खाल्ली होती. डावी चाकं आत गेली, घर करकरलं आणि रस्त्यात आडवं थांबलं. नोला खाली उतरून चाकाशी वाकते तोच घंटा ऐकू आली. गुरांची जादा गाडी वेळेआधी निघाली होती.

ड्रायव्हर लेस कॅपरनिकने इंजिन घरापासून हातभरावर थांबवलं. त्याची खिडकी आणि ब्रायडीचा व्हरांडा अगदी समोरासमोर आले.

"नमस्कार, मिसेस हॅनिगन. घरीच आहात वाटतं?"

"आहे की. चहा घेणार का, लेस?"

लोक हसले. नोलाला हसू येईना. ऊन तापत होतं आणि डब्यांतली गुरं हंबरत होती.

"व्हरांडा काप, पोरी!" डार्बी ओरडला. "करवत आण! गाडीला वाट दे. नाहीतर मला उठवा कुणीतरी, मी बघतो."

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती म्हणाली, "बसा तुम्ही, बाबा. करवत निघणार नाही." मग गर्दीकडे वळली. "नुसतं बघताय काय? बादल्या आणा, गुरांवर पाणी मारा."

बादल्या आल्या. चर्चमधल्या बायका रविवारचे कपडे सावरत डब्यांवर पाणी फेकू लागल्या. नोलाने माणसं घेऊन चाकाशेजारी जॅक लावले, चाकं उचलली, खाली लाकडाचे जाड ठोकळे सरकवले. ट्रक सुरू केला. त्याची चाकं जागच्या जागी फिरली. चढ होता आणि घर जड होतं.

तिची नजर रुळांपलीकडे, कोपऱ्यावरच्या वडासारख्या प्रचंड अंजिराच्या झाडाकडे गेली, मग इंजिनाकडे.

"लेस, झाडाला कप्पी बांधते. पोलादी दोर घरापासून कप्पीवरून तुझ्या इंजिनाला. तू नुसतं मागे जायचंस, अगदी हळू."

"नियमात बसत नाही, नोला."

"आणि रुळांवर घर बसतं का नियमात?"

लेसने टोपी मागे सारली. "बांध."

"मिसेस हॅनिगन, आता उतरा."

"का? तुझा भरवसा नाही स्वतःवर?"

"माझ्यावर आहे. दोराचं काही सांगता येत नाही."

उतरायला शिडी नव्हती. लेसने हात पुढे केला आणि म्हातारी थर्मास घेऊन व्हरांड्यातून सरळ इंजिनात शिरली. नोलाने रस्ता मोकळा करवला, ट्रकवर भरवशाचा माणूस बसवला आणि स्वतः चाकापासून थोडी लांब, जिथून आवाज ऐकू येईल अशी उभी राहिली. तिने हात वर केला.

गाडी डब्यांसकट मागे सरकू लागली. दोर ताणला, झाड थरथरलं, तुळई कुरकुरली. "हळू रे, माझं कपाट आहे आत!" इंजिनातून ब्रायडी ओरडली. नोलाचा हात वरच होता. कुरकुर दमल्याची होती, मोडण्याची नव्हती. चाकं ठोकळ्यांवर चढली, कडेला अडली, आणि मग सगळं घर, व्हरांड्यासकट, रुळांवरून अलगद पलीकडे गेलं.

तिने हात खाली टाकला. गाव ओरडत होतं, टोप्या उडत होत्या. लेसने घंटा इतकी वाजवली की गुरं गप्प झाली. नोला चाकाला टेकून उभी राहिली.

रुळाखालची माती तपासून, दगड भरून, मगच गाडी पुढे गेली. दुपारी घर टेकडीवरच्या नव्या खांबांवर बसलं. ब्रायडीने सगळ्यांना लोणी लावलेले स्कोनचे छोटे पाव खाऊ घातले आणि व्हरांड्याचा एकेक खांब हाताने चाचपून पाहिला. एकाचाही सांधा सुटला नव्हता.

संध्याकाळी डार्बीला हॉटेलात नेऊन बसवलं. कुणीतरी विचारलं, "काय डार्बी, आज घर हलवलंस म्हणे?"

"मी? मी करवत मागत होतो," डार्बी म्हणाला. "घर माझ्या नोलाने हलवलं." आणि मग जो आला त्याला त्याने तेच सांगितलं, न विचारता.

दुसऱ्या दिवशी शाळेचे हेडमास्तर आपलं घर हलवायचं काम घेऊन आले. डार्बी अंगणातच बसला होता, पण त्यांनी आधी नोलाशी हात मिळवला. पुढच्या काही वर्षांत नदीकाठची सगळी आळी तिने टेकडीवर नेली. बहुतेक घरं रूळ ओलांडूनच गेली आणि एकही कापावं लागलं नाही.